वारुळातली चव : प्रस्तावना

मेळघाटात ट्रफल सापडतं का, हा प्रश्न आता अमरावतीतही कानावर येतो. चिप्सच्या पाकिटावर ट्रफलचं नाव असतं, लग्नाच्या जेवणात पास्त्यावर ट्रफल ऑइल शिंपडलेलं असतं, आणि कुत्रा घेऊन ओकच्या रानात हिंडणारे इटलीतले म्हातारे मोबाइलवर सगळ्यांनीच पाहिलेले असतात. उत्तर सरळ आहे : नाही सापडत. पण का सापडत नाही हे नीट कळलं, की वऱ्हाडाच्या जमिनीत काय दडलंय हेही कळतं. म्हणून या पुस्तकाची सुरुवात थोडी लांबून, परक्या मुलखातून करते.

ट्रफल म्हणजे जमिनीखालीच वाढणारी आणि तिथेच पिकणारी अळंबी. फ्रान्समधलं पेरिगोरचं काळं ट्रफल आणि इटलीतलं अल्बाचं पांढरं ट्रफल ही त्यातली दोन मानाची नावं. दिसायला ओबडधोबड गाठ. वर छत्री नाही, खाली दांडा नाही. ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांच्या टोकांना या बुरशीचे धागे बाहेरून वेढून बसतात. बुरशी झाडाला पाणी आणि स्फुरद पुरवते, झाड पानांत तयार झालेली साखर तिला देतं. हा व्यवहार ठरावीक झाडांशीच जमतो. मेळघाटचं रान मुख्यतः सागाचं. सागाच्या मुळांशीही बुरशी राहते, पण ती वेगळ्या घराण्यातली. मुळाच्या पेशींत शिरून नांदणारी, आणि खाण्याजोगं काही कधीच न देणारी. त्यामुळे सागाखाली कितीही खणलं तरी ट्रफल हाती लागायचं नाही.

सालाचं रान असतं तर गोष्ट वेगळी होती. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरमध्ये पावसाच्या पहिल्या सरींनंतर सालाच्या झाडांखालची माती उकरून बायका ‘बोडा’ काढतात. झारखंडात त्यालाच ‘रुगडा’ म्हणतात. गोटीएवढा, बाहेरून मातकट, आतून पांढरा. जून झाला की आतला गर काळा पडतो आणि खाण्याजोगा राहत नाही. हंगामाच्या सुरुवातीला तो मटणापेक्षा महाग विकला जातो. शास्त्राच्या हिशेबाने बोडा ट्रफलचा सख्खा भाऊ नव्हे, पण झाडाच्या मुळाशी करार करून जमिनीत वाढण्याची रीत तीच. खरं ट्रफल आपल्या देशात हिमालयात आहे. १८९२ मध्ये कुक आणि मॅसी या दोघा अभ्यासकांनी त्याला ‘ट्यूबर इंडिकम’ हे नाव दिलं, आणि आज हेच ट्रफल चीनमधून युरोपात जाऊन महागड्या काळ्या ट्रफलच्या जागी स्वस्तात खपवलं जातं.

ट्रफलची सगळी किंमत त्याच्या वासात आहे, आणि तो वास उगाच आलेला नाही. जमिनीखाली पिकणाऱ्या अळंबीला वाऱ्यावर बीज उधळता येत नाही. कुणीतरी तिला हुंगून, उकरून, खाऊन बीज दुसरीकडे टाकावं लागतं. म्हणून ती वास सोडते. पूर्वी शोधायला डुकरिणी नेत. त्या मुळं तुडवतात आणि सापडलेलं ट्रफल स्वतःच गिळतात, म्हणून इटलीने १९८५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली आणि काम कुत्र्यांकडे गेलं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ट्रफल ऑइलमध्ये मात्र ट्रफल नसतं. पांढऱ्या ट्रफलच्या वासातलं एक गंधकयुक्त रसायन प्रयोगशाळेत बनवून साध्या तेलात मिसळलेलं असतं. अमरावतीत बसून आपण ट्रफलची चव म्हणून जे चाखतो, ते बहुधा हेच. त्याच्यासाठी बाटलीमागे शेकडो रुपये मोजले जातात, आणि तिथून दोन तासांवर, चिखलदऱ्याच्या उतारावर, पळसाच्या पानावर मांडलेला खरा माल दुपार व्हायच्या आत वाट्याच्या भावाने संपून जातो. हे पुस्तक त्या पळसाच्या पानावरच्या मालाविषयी आहे.

मृग कोरडा गेला तरी आर्द्रात एखादी रात्र अशी येते, की ढग गडगडतात, पाऊस जोराने पडून थांबतो, आणि सकाळी हवा दमट, उबदार असते. त्यानंतर काही दिवसांत धुऱ्यावर, पडीत जमिनीवर, रानाच्या कडेला, वारुळांच्या अंगावर अळंब्या निघतात. पूर्व विदर्भात त्यांना सात्या म्हणतात, कुठे टेकोडे. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी. या पुस्तकात मी सात्या हेच नाव धरलं आहे. ढग गडगडल्याशिवाय सात्या निघत नाहीत, असं जुनी माणसं ठामपणे सांगतात. ही समजूत फक्त इथली नाही. ट्रफल गडगडाटाने जन्मतं का, यावर प्लुटार्कने दोन हजार वर्षांपूर्वी जेवणाच्या पंगतीतली चर्चा लिहून ठेवली आहे, आणि अरबस्तानच्या वाळवंटातल्या ट्रफलला तिथले लोक गडगडाटाची लेक म्हणतात. जपानमधल्या इवाते विद्यापीठात शिटाके अळंबीच्या ओंडक्यांना विजेचे झटके दिले तेव्हा उत्पन्न वाढलं, हेही नोंदलेलं आहे. आपल्याकडे गडगडाटासोबत येणारा उबदार, भरपूर पाऊस हेच मुख्य कारण असावं असं मला वाटतं; पण म्हाताऱ्यांच्या निरीक्षणाला हसण्यासारखं त्यात काही नाही.

सात्या उगवतात त्या उधईच्या घरातून. उधई म्हणजे वाळवी. लाकूड, काडी, वाळलेलं गवत, पाला ती तोडून नेते, पण त्यातलं कठीण लाकूडतत्त्व तिला पचत नाही. म्हणून ती जमिनीखालच्या कोठड्यांत शेती करते. चावून गिळलेला चोथा विष्ठेतून टाकून त्याचे स्पंजासारखे सच्छिद्र, तपकिरी ढेपे रचते आणि त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवते. बुरशी तो चोथा मऊ, पचण्याजोगा करते. ढेप्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे दाणे येतात, ते उधई खाते, आणि जुना झालेला ढेपाही खाते. कोठडीतली उष्णता आणि दमटपणा ती वर्षभर राखते, दुसरी बुरशी शिरली तर उपटून काढते. या बुरशीच्या कुळाला ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे आईम यांनी १९४२ मध्ये दिलं. उधई आणि बुरशीची ही भागीदारी आफ्रिकेत सुरू झाली आणि ती सुमारे तीन कोटी वर्षं जुनी असावी, असं अभ्यासक मानतात. माणसाने पहिलं बी पेरलं त्याला जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली.

पावसाळ्यात जमीन भिजली, की ती बुरशी ढेप्यावरून वर चढायला लागते. कधी वीतभर, कधी हातभर मातीतून तिला वाट काढायची असते. म्हणून तिची टोपी सुरुवातीला मिटलेली आणि टोकदार असते. ते टोक कठीण, गडद रंगाचं, माती भेदण्यासाठीच घडलेलं. आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बाभळीजवळच्या एका बसक्या वारुळापाशी मी ते पहाटे पाहिलं आहे. आधी मातीला तडा जातो. तड्यातून राखाडी टोक दिसतं, शेजारी दुसरं, मग चार-सहा. तासाभरात दांडे वर येतात, टोप्या सुटतात, ऊन चढेपर्यंत कडा फाटून छत्र्या पसरतात आणि खालचे पडदे पांढऱ्याचे फिकट गुलाबी होत जातात. एक दांडा धरून हळूच माती सारली तर तो खाली बारीक होत जातो, पण संपत नाही. काळसर, चिवट शेपटीसारखा थेट उधईच्या कोठडीपर्यंत उतरतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या ढोरक्याने मला हे सगळं दाखवलं. मी दांडा ओढायला लागले तसा तो म्हणाला, “पोरी, मूळ वढू नको. वरून मुरगाळून घे. खालचं घर मोडलं तं पुढच्या साली काय खाशील?” दोन-तीन छत्र्या त्याने मुद्दाम तशाच सोडल्या. कारण विचारलं तर म्हणाला, “त्या त्याच्या.”

त्याच्या म्हणजे कोणाच्या, हे त्याने सांगितलं नाही. शास्त्र सांगतं ते असं : पिकलेल्या टोपीतून बीजाणू वाऱ्यावर पसरतात, आणि नवं घर मांडणारी उधई चाऱ्याबरोबर ते गोळा करून आपली बाग सुरू करते. बहुतेक जातींत राणी बाग सोबत नेत नाही. प्रत्येक नव्या घराला ती बाहेरून मिळवावी लागते. सगळ्याच सात्या मिटलेल्या अवस्थेत खुडून टोपलीत गेल्या, तर त्या बीजाणूंचं काय होणार, हे उघड आहे.

ट्रफल आणि सात्या यांच्यातला एक फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ट्रफलची लागवड माणसाला जमली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या जोसेफ तालों नावाच्या शेतकऱ्याने ट्रफल लागणाऱ्या ओकखालच्या बिया पेरल्या आणि काही वर्षांनी त्या झाडांखालीही ट्रफल लागलं. पुढे १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या संशोधकांनी रोपांच्या मुळांवर ही बुरशी चढवण्याची पद्धत बसवली, आणि आज ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये, चिलीत काळ्या ट्रफलच्या बागा आहेत. अल्बाचं पांढरं ट्रफल हट्टी समजलं जाई, पण २०२१ मध्ये त्याचीही लागवड फ्रान्समध्ये साधल्याचं प्रसिद्ध झालं. सात्यांची तशी लागवड कुणालाही जमलेली नाही. बुरशीचे धागे प्रयोगशाळेत वाढतात, पण बाजारात नेता येईल असं पीक येत नाही. उधईशिवाय ती तयार होत नाही, आणि उधईला पगारावर ठेवता येत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून शिकून आपल्याकडे कितीतरी घरांत सोयाबीनच्या आणि गव्हाच्या कुटारावर धिंगरी पिकवली जाते. चांगली गोष्ट आहे, घरखर्चाला हातभार लागतो. पण सात्या कुटारावर येणार नाहीत. दुर्मिळतेलाच किंमत असेल, तर ट्रफलपेक्षा सात्यांचा मान मोठा हवा.

जगात तो कुठेकुठे आहेही. चीनमधल्या युन्नानमध्ये याच कुळातली अळंबी पंगतीचं भूषण मानली जाते आणि तेलात तळून वर्षभरासाठी बरणीत भरून ठेवतात. आफ्रिकेत झांबियाकडे मिळणाऱ्या एका जातीची टोपी मीटरभर रुंद होऊ शकते. एका अळंबीत घरचं जेवण होतं. गोव्यात रोयणीवरच्या, म्हणजे वारुळावरच्या, अळमीसाठी लोक पावसात रस्त्याकडेला गाड्या थांबवतात. तिथे गोवा विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि त्या बेसुमार खुडल्या जाऊ नयेत म्हणून वृत्तपत्रांतून सतत लिहिलं. वऱ्हाडाला असा एक माणूस मिळायला हवा होता. अजूनही मिळायला हवा.

आपल्याकडे हा मान का मिळाला नाही, याची कारणं काही स्वयंपाकघरात आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात न खाण्याच्या वस्तूंत लसूण-कांद्यासोबत छत्राकही आहे. त्याउलट सुश्रुतसंहितेत अळंब्यांचा स्वतंत्र गट करून गवतावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणाऱ्या अळंब्यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. म्हणजे एकीकडे मनाई होती, दुसरीकडे पारख होती. घराघरांत मनाईच जास्त उतरली. आमच्या घरी सात्या कधी माजघरापर्यंत आल्या नाहीत. त्या वावरातल्या खोपडीत, तीन दगडांच्या चुलीवर शिजायच्या, आणि शिजवणारे असायचे सालदार आणि ढोरकी. मालकांच्या पोरांना हळूच एखादा घास मिळायचा. जे अन्न गुराख्याने, मजुराने, आदिवासी बाईने ओळखायचं आणि खायचं, ते पाकशास्त्राच्या पुस्तकांत आलं नाही. वऱ्हाडी जेवणावर लिहिणारे पाटोडी, मांडे, झुणका, तर्री एवढ्यावर थांबतात.

मेळघाटाकडे तर बाहेरची माणसं दोनच नजरांनी बघतात. एक नजर वाघाची : १९७४ पासून तिथे व्याघ्र प्रकल्प आहे. दुसरी नजर बालमृत्यूंची आणि कुपोषणाची, जी १९९० च्या दशकापासून वर्तमानपत्रांतून हटलेली नाही. दोन्ही नजरा खऱ्या आहेत आणि दुसरीबद्दल शरम वाटावी इतकी ती खरी आहे. पण या दोहोंच्या मध्ये कोरकू माणसाचं ताट दिसतच नाही. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू घरांत पावसाळ्यात, जेव्हा साठवणीतलं धान्य तळाला गेलेलं असतं, तेव्हा रानातल्या भाज्या, कंद आणि अळंब्या पोटाला आधार देतात. कुठल्या वारुळाची कुठल्या पावसात, कुठली खायची, कुठलीकडे बघायचंही नाही, कुठली वाळवून ठेवायची, हे ज्ञान तिथल्या बायकांकडे आहे, आणि त्यांची भाषा आपल्या मराठीहून वेगळ्या, मुंडा कुळातली असल्यामुळे ते आपल्या पुस्तकांत कधी उतरलेलं नाही. उपाशी म्हणून ज्यांची नोंद होते, त्यांना चव कळत नाही असं आपण गृहीत धरतो. ते धादांत चूक आहे. सेमाडोहकडच्या एका मावशीने माझ्या हातातल्या सात्यांतली एक उचलून हुंगली आणि बाजूला टाकली. तिच्या मते ती कालची होती आणि तिच्याने रस्सा कडसर झाला असता. अल्बाच्या बाजारातला पारखी यापेक्षा वेगळं काय करतो?

फरक आहे तो मिळकतीत. सात्या रात्रीतून निघतात, सकाळी खुडाव्या लागतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांत अळ्या पडतात. त्यामुळे त्या परतवाड्याच्या बाजारापर्यंत येतात, फार तर अमरावतीच्या इतवाऱ्यापर्यंत, त्यापुढे नाही. विकणारी घाईत असते आणि घेणाऱ्याला ते माहीत असतं. चालत आलेल्या कोरकू बाईशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तेच लोक हॉटेलात ट्रफलच्या नावावर किती मोजतात हेही पाहिलं आहे. यावर उपाय नाहीत असं नाही. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, उजाड टेकडी राखली, आणि तिथली सीताफळं स्वतःच्या नावाने मुंबईपर्यंत पोहोचवली. सात्या मुंबईला जाणार नाहीत, जाऊही नयेत. पण कृषी विभाग ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे सात्या आणणाऱ्या बाईला आधी ठरलेला, सन्मानाचा भाव मिळाला तर ती सुरुवात होईल.

आता शिजवण्याबद्दल, कारण त्याशिवाय चवीची गोष्ट पोकळ राहते. सात्या पाण्यात भिजत घालायच्या नाहीत, त्या पाणी पितात. शेपटीकडचा मातकट भाग सुरीच्या पाठीने खरवडायचा, टोप्या वाहत्या पाण्याखाली उलट्या धरून पडद्यांतली माती काढायची, आणि मग हातानेच उभ्या फाडायच्या. दांडा तंतूतंतूंनी सुटतो. कढईत शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, हळद. त्यावर सात्या टाकल्या की त्या आधी भरपूर पाणी सोडतात. इथे घाई करून रस्सा करू नये. मीठ घालून, झाकण न ठेवता ते पाणी त्यांच्यातच आटू द्यावं. आटत आलं की वास बदलतो. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडताना घरभर पसरतो, त्याच्या फार जवळचा वास येतो. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरायचा, ज्वारीची गरम भाकर घ्यायची. पहिल्या घासाला दाताखाली तंतू लागतो, मग गोडसर चव येते आणि जिभेवर बराच वेळ राहते. खोबऱ्या-कांद्याचं काळं वाटण घालून तर्रीदार रस्सा करणारी घरंही आहेत. पाहुण्यांना पुरवठा यावा म्हणून तसं करतात हे मला कळतं, पण मला ते पटत नाही. इतकी मेहनत करून मातीतून वर आलेल्या चवीवर मसाल्याचं पांघरूण कशाला?

खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या दोन्ही अंगांना, सात्या कमी. तिथली खोल काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. वारूळ टिकायला ती जमीन अवघड. सात्या जास्त त्या मुरमाड, चढाच्या जमिनीत : उत्तरेला नरनाळ्यापासून गाविलगडापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला, आणि दक्षिणेला पातूर-बार्शीटाकळीच्या टेकड्यांत. पण तिथेही त्या हटत चालल्या आहेत. कारणं कुठल्याही गावात दिसतील. धुरे ट्रॅक्टरने खात खात दोरीएवढे अरुंद झाले. पडीत सपाट झाली. वारूळ दिसलं की जेसीबी, नाहीतर वाळवीचं औषध. उधई पिकाचं नुकसान करते हे खरं आहे, उसाचं, फळझाडांचं, वाळत्या पऱ्हाटीचं; पण धुऱ्यावरचं वारूळ वावरातला पालापाचोळा मातीत मिळवतं आणि पावसाचं पाणी जमिनीत उतरायला वाटा करून देतं, हेही तितकंच खरं आहे. नागपंचमीला आपण त्याच वारुळाला हळदकुंकू वाहतो, त्या दिवशी जमीन खणत नाही, नांगर धरत नाही. हा सण नेमका सात्यांच्या हंगामात येतो. ही रीत घालून देणाऱ्यांना सात्या ठाऊक होत्या की नाही हे सांगता येणार नाही, पण ती वर्षातला एक दिवस तरी वारूळ वाचवते.

या पुस्तकाच्या पुढच्या भागांत मी सात्यांपासून सुरुवात केली आहे, कारण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे. त्यानंतर पावसाच्या मधल्या टप्प्यात शेकड्यांनी उगवणाऱ्या, नखाएवढ्या पांढऱ्या अळंब्या येतात. त्याही उधईच्याच, तिने घरातून बाहेर टाकलेल्या ढेप्यांवर येणाऱ्या. मग बांबूचे वास्ते, कटुली, वाघाटी अशा, अळंबी नसलेल्या पण त्याच रानातल्या, त्याच माणसांच्या पारखीवर जगणाऱ्या मानाच्या वस्तू. पाककृती ज्या घरांतून मिळाल्या त्या घरांच्या पद्धतीनेच दिल्या आहेत, माझ्या आवडीनिवडी त्यांत मिसळलेल्या नाहीत. व्याघ्र प्रकल्पाच्या आणि अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काही खुडणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे वाचकांनी टोपली घेऊन गुगामल किंवा नरनाळ्याच्या रानात शिरू नये. आपल्या वावराचा धुरा बघावा, किंवा बाजारात बसलेल्या बाईकडून घासाघीस न करता घ्यावं.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते. पुस्तकातलं चित्र बघून अळंबी खाऊ नका. पावसाळ्यात हिरवळीवर, मैदानांत, घराच्या अंगणात एक मोठी, पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री उगवते. ती नवख्याला सात्यांसारखी वाटते, पण तिच्या दांड्यावर कडं असतं, खाली मातीत उतरणारी शेपटी नसते, आणि पिकल्यावर तिचे पडदे हिरवट होतात. खाल्ली तर काही तासांत जबर ओकाऱ्या आणि जुलाब. दुसऱ्या काही अळंब्या याहून घातकी आहेत. त्यांचं विष यकृतावर जातं, शिजवून मरत नाही, आणि लक्षणं सहा-आठ तासांनी किंवा त्याहून उशिरा दिसतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानातल्या अळंब्या खाऊन १३ जण दगावले, आणि त्यांतले बहुतेक चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतले होते. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसूण निळा झाला नाही, किड्याने खाल्लेली आहे म्हणजे चांगली आहे, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर झाकून ठेवली तर सात्यांचा ठसा फिकट गुलाबी उमटतो. ही खूण उपयोगाची आहे, पण एवढ्या एका खुणेवर विसंबू नये. दरवर्षी तीच जागा, तीच जात खाणाऱ्या जाणत्या माणसाने हातात घेऊन होकार दिला तरच ती शिजवा. लहान मुलांना पहिल्यांदा देताना घासभरच द्या. खाल्ल्यावर कधीही, अगदी दुसऱ्या दिवशीही, ओकाऱ्या किंवा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठा, सोबत ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, आणि उरलेला देठ, टोपी किंवा शिजलेला तुकडा डबीत घालून घ्या. डॉक्टरांना अळंबी ओळखून उपचार ठरवायला त्याची गरज पडते.